दोन डब्या, एक नाव

"हा बेडका नाही, बाबाजी. ही नुसती थुंकी आहे."

वर्ध्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्या बाईनं माझी डबी उजेडात धरून पाहिली आणि परत माझ्या पुढ्यात ठेवली. मागे रांगेत सात-आठ माणसं. मी सत्तरी पार केलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत झाली, पण माझ्या हातची वस्तू कोणी परत केली असं कधी झालं नाही. माझ्या कपाशीच्या गाडीत व्यापारी हात घालायचा आणि पसंतीनं मान डोलवायचा. इथं एक पोरवयाची बाई मला सगळ्यांसमोर सांगत होती की तुला थुंकताही येत नाही.

"घरून साफ करून आणलं," मी म्हणालो. "बाईमाणसाच्या हातात घाण कशी द्यायची?"

"मला घाणच पाहिजे. छातीतून खोकून काढलेली. या पाण्यात जंतू सापडणार नाहीत, कागदावर 'नाही' असं येईल आणि तुम्ही खुशीत घरी जाल. मग घरचे लोक आजारी पडले की परत याल."

मागून कोणीतरी हसलं. मी डबी उचलली आणि तिनं दाखवलेल्या भिंतीमागे, उघड्यावर, गेलो. तीनदा छाती भरून श्वास घेतला आणि असा खोकलो की डोळ्यांसमोर अंधारी आली. या वेळी तिनं डबी पाहिली आणि ठेवून घेतली.

"दोन तास बसा," ती म्हणाली. "मशीन दोन गोष्टी सांगेल. टीबीचे जंतू आहेत की नाहीत, आणि असले तर टीबीचं मुख्य औषध त्यांना लागू पडतं की नाही."

मी बाहेर बाकावर बसलो. जंतू असणार हे मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मला टीबी झालेला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरा झालो आणि आता परत तोच खोकला, तोच संध्याकाळचा ताप. भीती दुसऱ्या गोष्टीची होती. ती भीती मी कोणाला सांगू शकत नव्हतो, बायकोलाही नाही.

दोन तासांनी डॉक्टरांनी बोलावलं. तोंडाला जाड मास्क, खिडक्या सताड उघड्या.

"जंतू आहेत," ते म्हणाले. "आणि मुख्य औषधाला दाद देत नाहीत. मागच्या वेळी गोळ्या चुकवल्या होत्या का?"

"एक दिवस नाही."

ते खोटं नव्हतं. एक दिवस चुकला नव्हता. डॉक्टरांनी जुनी नोंद काढली. रोजच्या रकान्यात टिक. गावची आशाताई येऊन रिकामी पाकिटं पाहून जायची, त्याच टिका.

"नोंद तर स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मग हा जंतू तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून आला असेल. घरी कोण कोण आहे?"

"बायको."

"उद्या त्यांनाही घेऊन या. तपासावं लागेल."

म्हणजे मी गप्प बसलो आणि संशय माझ्या बायकोवर गेला.

परत खिडकीशी गेलो तर बाईनं दोन रिकाम्या डब्या हातात दिल्या. उद्या सकाळी उठल्याबरोबरचा बेडका दोन्हींत घेऊन या म्हणाली. ते नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार. तिथं जंतू वाढवतात, त्यांच्यावर एकेक औषध टाकून पाहतात, कशानं मरतात आणि कशानं नाही. त्याला दीड-दोन महिने लागतात.

"पण जंतू औषधाला ऐकेनासा होतो कसा?" मी विचारलं.

"अर्धवट औषधानं," ती डब्यांची झाकणं घट्ट करत म्हणाली. "कमजोर असतात ते मरतात, चिवट असतात ते राहतात. मग चिवटांचीच पिल्लं वाढतात."

मला तिथंच दरदरून घाम फुटला. आमच्या शेजारचा शेतकरी फवारणीचं औषध वाचवायला पंपात दुप्पट पाणी घालायचा, तेव्हा मी त्याला चार माणसांत बोललो होतो, अर्ध्या औषधानं अळी मरत नाही बाप्पा, शिकते. बोंडअळीच्या बाबतीत मला अख्खं गाव मानायचं. आणि स्वतःच्या घरात मी काय केलं होतं?

सांगतो काय केलं होतं.

माझा साळा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच गावात राहतो. आंजीच्या अलीकडे आमचं गाव. त्याची बायको लवकर गेली, घरात तो आणि त्याची एकुलती पोरगी. माझ्या गोळ्यांचे दोन महिने झाले, माझा खोकला थांबला, तेव्हा त्याला खोकला सुरू झाला. तसाच. एका सकाळी तो गोठ्यात मला एकटा गाठून म्हणाला, "भाऊजी, मलेबी तेच झालं वाट्टे. पण मी दवाखान्यात जाणार नाई. टीबीवाल्याची पोट्टी म्हनतीन, कोणी पाहाले येणार नाई."

मी रोज चार गोळ्या घ्यायचो. बरा वाटत होतो, अंगात ताकद आली होती. मी म्हणालो, दोन माह्या, दोन तुह्या. त्यानं बहिणीच्या कुंकवाची शपथ घातली की हे कोणाला कळता कामा नये. मी घेतली. तेव्हापासून चार महिने तो रोज सकाळी बहिणीकडे चहाला यायचा आणि बायकोची पाठ वळली की मी त्याच्या मुठीत दोन गोळ्या ठेवायचो. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. माझीही व्हायची, त्याचीही. रंग येतो आहे म्हणजे औषध काम करतं आहे, असा आमचा दोघांचा हिशेब. दोन शहाणे.

त्याला मधल्या काळात बरं वाटलं. मग खोकला परत आला, तोही त्यानं वर्षभर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर ढकलला. आता पोरीचं जमलं होतं. पुलगावकडचा मुलगा, चांगली नोकरी. येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

मी वर्ध्याहून परतलो त्याच संध्याकाळी तो आलाच.

"काय म्हणे मशीन?" त्यानं अंगणातूनच विचारलं.

"गोळी लागू नाई म्हणे. जे माह्या छातीत तेच तुह्या छातीत. उद्या चाल माह्यासंग."

"आयतवारी साक्षगंध हाय, भाऊजी."

"अन् पोट्टी? ते दिवसभर तुह्याजवळ राह्यते. तुह्यासाठी सैपाक करते, तुहे कपडे धुते."

"तिले काई नाई."

"तू मशीन हायेस काय बे?"

तो बराच वेळ खोकला. रुमालाकडे न पाहता तो खिशात घातला. मग माझ्या हातातल्या डब्यांच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "दोन डब्या देल्या ना तुमाले? एकीत माहा बेडका न्या."

"माह्या नावानं?"

"मंग कोनाच्या? खराब निंगाला तं साक्षगंध झाल्यावर मी सोता जाईन. नाई निंगाला तं बोंब कायले? कोनाले काई कयनार नाई अन् तुमची शपथबी राहीन."

आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ही युक्ती पटली. पटली म्हणजे काय, आवडली. शपथही राहील आणि तपासणीही होईल. दवाखान्यातल्या शिकलेल्या लोकांना चौथीवाला कसा पुरून उरतो ते पाहा, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यामागे आला. एका डबीत तो खोकला, दुसरीत मी. डब्या अगदी सारख्या, म्हणून त्याच्या डबीच्या झाकणावर मी बोटानं चुन्याचा ठिपका लावला. खर्ऱ्याच्या पुडीतलाच चुना. बायको लुगडं नेसून तयार होती. तिला एवढंच ठाऊक होतं की आपली तपासणी आहे. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "माह्याकडून आलं असन का हो तुमाले?"

मी कंडक्टरकडून दोन तिकिटं काढली.

वर्ध्याला पोचलो. बायकोची डबी वेगळी घेतली आणि तिला बाहेर बसवलं. मी माझ्या दोन्ही डब्या खिडकीत ठेवल्या. बाईनं हातमोजे घातले, कापसाचा बोळा कसल्यातरी औषधात भिजवला आणि एक डबी उचलून सगळीकडून पुसली. झाकणही. मग दुसरी. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

चुन्याचा ठिपका गेला होता.

मी डब्यांकडे पाहिलं. एकीत जास्त असावं असं वाटलं, पण ती माझी की त्याची ते आठवेना. बाईनं चिठ्ठ्या काढल्या, माझं नाव लिहिलं, वय लिहिलं. पहिली चिठ्ठी सोलून ती डबीवर चिकटवायला लागली.

मला अजूनही गप्प बसता आलं असतं. चिठ्ठी चिकटली असती, डब्या नागपूरला गेल्या असत्या. कोणाला काही कळलं नसतं. रविवार पार पडला असता.

"बाई," मी विचारलं, "या दोन डब्यांत वेगवेगळं निघालं तर?"

"कसं निघेल? माणूस एकच आहे ना?" ती चिठ्ठी दाबत म्हणाली. "यावरूनच तुमच्या गोळ्या ठरणार. जे औषध चालत नाही असं येईल ते आम्ही काढून टाकू. तुमच्या जिवाचा कागद आहे हा, बाबाजी."

तिनं दुसरी चिठ्ठी सोलली. मी खिडकीतून हात आत घातला आणि दुसऱ्या डबीवर ठेवला.

"हात काढा!" ती ओरडली. "काय करताय?"

"थांबा. यातली एक माझी नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या माणसाची आहे."

"कोणती?"

"माहीत नाही. खूण होती, तुम्ही पुसली."

तिनं दोन्ही हात वर धरले, काही विटाळ व्हावा तसे, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग आत ओरडून दुसऱ्या माणसाला बोलावलं. मला बाजूच्या खोलीत नेलं. ती चिडली होती, पण आवाज खाली होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

"तुम्हाला कळतं का काय झालं असतं?" ती म्हणाली. "त्या माणसाचा जंतू एका औषधाला ऐकत नाही आणि तुमचा दुसऱ्याला, असं निघालं असतं तर आम्ही कोणाला काय दिलं असतं? तुम्ही इथं माझ्याशी भांडता तेव्हा तुम्ही माणूस असता. आत मशीनपाशी फक्त डबी असते आणि तिच्यावरचं नाव. नाव खोटं असलं की सगळंच खोटं."

"दोन्ही डब्या?"

"दोन्ही आता कोणाच्याच नाहीत. नष्ट होतील." तिनं कागद पुढे ओढला. "तो माणूस कोण? त्याला खोकला किती दिवसांपासून आहे? घरी कोण आहे?"

शपथ बहिणीच्या कुंकवाची होती. म्हणजे माझ्याच जिवाची. मी त्या टेबलाशी उभा राहून विचार केला, की दिलेला शब्द मी आयुष्यात कधी फिरवला नाही. पण मग त्या पोरीचा चेहरा समोर आला. मागच्या आठवड्यात ती आमच्याकडे वरण घेऊन आली होती आणि दारात उभी राहून दोनदा खोकली होती. मी ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

मी साळ्याचं नाव सांगितलं. पोरीचंही. गोळ्यांचंही सांगितलं, दोन माझ्या, दोन त्याच्या. बाईनं सगळं लिहून घेतलं आणि शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, "काल मी अर्धवट औषधाचं बोलले तेव्हाच तुमचा रंग उडाला होता."

बायकोला मी बसस्टँडवर सांगितलं. तिथं माणसं असतात म्हणून ती ओरडणार नाही असं वाटलं होतं. ती ओरडली.

"चार महिने मी त्याच्यासाठी चाय मांडून राह्यली अन् तुमी दोघं माह्या पाठीमागं हे करून राह्यले?"

"शपथ होती."

"कोनाची?"

"तुह्या कुंकवाची."

"कुंकू माहं हाय," ती म्हणाली. "मले इचारलं होतं काय?"

सगळा बसस्टँड आमच्याकडे पाहत होता. तिनं पदर खोचला. गावात उतरल्यावर ती घरी गेलीच नाही, सरळ भावाच्या दारी. मी मागे. साळा ओसरीत बसला होता. मला पाहून उठला आणि बहिणीचं तोंड पाहून त्याला सगळं समजलं.

"शपथ मोडली तुमी," तो मला म्हणाला.

"मोडली."

"माह्या पोट्टीचं वाटोळं केलं."

"तुले तं मी आता बांधून नेतो," माझी बायको म्हणाली. "चाल."

"आक्का, आयतवारपर्यंत तरी..."

तेव्हा पोरगी आतून दारात आली. हात ओले होते. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तुमाले टीबी हाय?" तिनं विचारलं.

त्यानं रुमाल तोंडाला लावला.

"अन् मामाजींले ठाऊक होतं?"

ते मला विचारलेलं होतं; आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. मी होकाराची मान हलवली. तिनं हात पुसले, आत जाऊन चपला घेऊन आली आणि बापापुढे टाकल्या. "रिपोर्ट येईपर्यंत मी साक्षगंधात बसत नाई. आन मीबी तपासून घेतो. मले पंधरा दिवसांपासून खोकला हाय."

तो मटकन खाली बसला. तिचा खोकला त्याला ठाऊक नव्हता. की होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी चौघं गेलो आणि या वेळी ज्यानं त्यानं आपापल्या नावानं डब्या दिल्या. ते दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. साळा भिंतीकडे तोंड करून बसला होता. बायको पोरीचा हात धरून. खिडकीतली बाई एकदा बाहेर आली, तिनं पोरीला पाहिलं, मला पाहिलं आणि परत आत गेली. मी मनात म्हणत होतो, माझं काय व्हायचं ते होऊ दे, त्या पोरीच्या कागदावर "नाही" येऊ दे.

आलं. पोरीच्या बेडक्यात जंतू नव्हते. छातीचा फोटोही साफ होता. तिच्यावर नजर ठेवू म्हणाले, दर थोड्या महिन्यांनी बोलावू. बायकोचंही साफ. साळ्याचं मात्र माझ्यासारखंच निघालं.

रविवारचा कार्यक्रम त्यानं स्वतः फोन करून पुढे ढकलला. कारण खरं सांगितलं, हे त्याचं मानावं लागेल. पुलगावचे लोक आधी म्हणाले, काही हरकत नाही, बरे व्हा. महिन्याभरानं मध्यस्थाकडून निरोप आला की मुलाचं दुसरीकडे ठरलं. त्या दिवसापासून साळा माझ्याशी बोलणं बंद.

आम्हाला दोघांना नव्या गोळ्या सुरू झाल्या. आधी काळजाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढतात, मग देतात. नागपूरचा कागद आला तेव्हा कळलं, आम्हाला दिलेली औषधं आमच्या दोघांच्या जंतूंना लागू आहेत. तेवढं देवानं राखलं, असं बायको म्हणते. मी म्हणतो त्या खिडकीतल्या बाईनं राखलं. पण या गोळ्या सोप्या नाहीत. तोंडाची चव जाते, तळपायांना मुंग्या येतात, जेवण समोर आलं की पोट ढवळतं. मी हट्टी आहे म्हणून खातो. ज्या तोंडानं शपथ मोडली त्याला एवढं सोसलंच पाहिजे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पोरगी आमच्या दारात आली. मास्क लावलेला, बाहेरच उभी.

"मामाजी, बाबा तीन दिवसांपासून गोळ्या घेऊन नाई राह्यले. पाय जळतात म्हन्ते. पोट्टीचं तं लगन मोडलंच, आता कोनासाठी खाऊ म्हन्ते. आशाताईले रिकामे पाकीट दाखोते अन् गोळ्या न्हानीत टाकते."

पाकिटं रिकामी आणि पोटात काही नाही. ही कला तो माझ्या घरातच शिकला होता.

मी काठी उचलली आणि गेलो. तो ओसरीवर बसला होता, वाळला होता. मी अंगणात, त्याच्यापासून सात-आठ हात दूर, उभा राहिलो.

"बसाले नाई सांगतलं मी," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"उभाच हावो."

"कायले आले?"

"गोळ्या खा."

"तुमी देल्या तवा खाल्ल्या ना? काय झालं? पोट्टीचं घर गेलं. तुमी जबान पायली असती तं आज ते सासरी असती."

"अन् एका वरसानं त्या घरात तेबी खोकत असती," मी म्हणालो. "तवा मी तुले अर्ध्या देल्या. माही चूक हाय ते. मले वाटलं मी देव हावो, वाटून देतो. आता कोनी अर्ध्या नाई देत, तूच सोता अर्ध्या करून राह्यला. ते मी पाह्यनार नाई."

"माह्या घरात हुकूम करता?"

"करतो. तू साळा हायेस माहा."

तो शिवी पुटपुटला. मी ऐकली. चांगली मोठी होती. ऊन चढत होतं, माझ्या तळपायांना आतून विंचू चावल्यासारखं होत होतं आणि मी काठीवर भार टाकून तसाच उभा राहिलो. पोरीनं गोळ्या आणि तांब्या आणून त्याच्या बाजूला ठेवला. तो तिच्याकडे पाहत नव्हता. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली. किती वेळ गेला माहीत नाही. मला बसावंसं वाटत होतं, पण तो बस म्हणणार नव्हता आणि मी विचारणार नव्हतो.

शेवटी त्यानं एक गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्यायला. मग दुसरी. एकेक करून सगळ्या गिळल्या, प्रत्येक गोळीनंतर माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहत की ती मलाच फेकून मारतो आहे. तांब्या आपटून खाली ठेवला. आणि मग, मी काही न म्हणता, त्यानं रागानं तोंड मोठं उघडून जीभ वर केली आणि मला आतलं सगळं दाखवलं.